२८९९ ची ड्रिल किट, आठ महिने वापरून झाल्यावर

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. ऑनलाइन ड्रिल किट शोधलं की जे पंधरा-वीस डबे समोर येतात त्यातलाच एक समजा. डिलिव्हरी आली त्या दिवशी रिव्ह्यू लिहिणारे खूप असतात, 'पॅकिंग मस्त, अजून वापरलं नाही, ५ स्टार'. मी आठ महिने थांबले, बत्तीस भोकं पाडली, एक बाक बनवला, एक शेल्फ पाडलं (खाली), मग लिहायला बसले.

आमचा फ्लॅट डोंबिवलीत, बिल्डिंग १९९६ ची, म्हणजे विटांच्या भिंती आणि काँक्रीटचे बीम-कॉलम. हे आधी का सांगतेय ते पुढे कळेल. पडद्याचे रॉड लावायला एक माणूस बोलावला होता, तो आठ भोकांचे सहाशे म्हणाला, मी हो म्हणाले, आणि तो तीन रविवार आलाच नाही. चौथ्या रविवारी मी चिडून किट ऑर्डर केली. नवरा म्हणाला तुला जमणारे का, त्या वाक्यातच अर्धे पैसे वसूल.

डब्यावर लिहिलंय १०० नग. मोजले तर गिट्ट्या (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ते प्लॅस्टिकचे प्लग) आणि स्क्रूच सत्तर, म्हणजे जेवणाच्या ताटात भाताची शितं मोजल्यासारखं. बाकी १३ एमएम चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) ६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, भिंतीची, लाकडाची आणि लोखंडाची बिटं, हातोडी, पकड, एक अॅडजस्टेबल पाना, तीन मीटरची टेप, छोटी पाणसळ, आणि 'नवशिक्यांसाठी दहा सोपे प्रोजेक्ट' अशी चकचकीत पुस्तिका.

आधी मशीनबद्दल, कारण ते खरंच चांगलंय. हातात वजनदार वाटतं पण बाजूचं हँडल लावलं की कंट्रोल येतो, स्पीड ट्रिगरवर कमीजास्त होतो, वर एक खटका आहे त्याने हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोके मारणं, चालू-बंद. खोली मोजायची दांडी पण दिलीय, ती लावली की भोक ठरलेल्या खोलीवर आपोआप थांबतं, मी आधी बिटाला इन्सुलेशन टेप गुंडाळत होते तीन आठवडे, दांडी डब्यात तळाला पडून होती. मोटरच्या फटीतून बारीक निळ्या ठिणग्या दिसतात, घाबरू नका, कार्बन ब्रश असतात त्यांच्या असतात त्या, थोड्या असल्या तर नॉर्मल आहे. वायर मात्र जेमतेम दोन मीटर. खिडकीपाशी स्टुलावर उभं राहिलं की प्लग निघालाच, एक्स्टेन्शन बोर्ड वेगळा घ्यावा लागतो.

आता पडदे. हॉलच्या खिडकीवर पहिलं भोक पाडायला घेतलं, वरचं प्लॅस्टर भसकन गेलं आणि मग मशीन नुसतं ओरडायला लागलं, पुढे सरकेचना. मला वाटलं मशीनच भंगार आहे, रिटर्नचं बटण दाबायच्या बेतात होते. खालच्या मजल्यावरचे काका बिल्डिंगच्या लाइनमधले, रिटायर्ड, आवाज ऐकून वर आले, मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, "अगं ताई, खिडकीवर लिंटेल असतं, काँक्रीटचं. वीट नाहीये ती. दम खा, मागेपुढे करत पाड, आणि हे बिट टाकून दे." बिट काढून बघितलं तर टोक निळंकाळं पडलेलं आणि कार्बाइडची टिकलीच गायब. मग स्टेशनजवळच्या हार्डवेअरमधून सत्तर रुपयांचं सहा एमएमचं चांगलं बिट आणलं आणि त्याच मशीनने त्याच लिंटेलमध्ये आठही भोकं झाली. म्हणजे किटमधली बिटं दिसायला बिटं आहेत इतकंच. लाकडाची बरी आहेत, भिंतीची दोन भोकांनंतर गेली.

भिंतीवर ठोकून बघायची सवय लागली मला तेव्हापासून. भद्द आवाज आला की वीट आणि प्लॅस्टर, टणक आला की काँक्रीट. आणि भोकाची धूळ बघायची, लाल आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट किंवा अजून प्लॅस्टरमध्येच आहात.

शेल्फ पडलं ते ह्याच कारणाने. किटमध्ये ज्या गिट्ट्या आहेत त्या जेमतेम एक इंच लांब. आमच्या भिंतीला प्लॅस्टरच पाऊण इंचाच्या आसपास आहे, म्हणजे गिट्टी जवळजवळ सगळी प्लॅस्टरमध्ये बसते आणि विटेला नुसती नमस्कार करून येते. चार दिवस शेल्फ छान उभं होतं, त्यावर लेकाची पुस्तकं लावली आणि पाचव्या रात्री दोन वाजता धाडकन. पुस्तकं किती जड असतात ह्याचा आपल्याला अंदाज नसतो, फूटभर लांब ओळ म्हणजे सहज दहा किलोच्या घरात. मग आठ एमएमच्या दोन इंची गिट्ट्या आणल्या, भोक अडीच इंच खोल, आतली धूळ फुंकून काढली (डोळे मिटून फुंका, मी नाही मिटले), तेव्हापासून हललं नाहीये. धूळ खाली पडू नये म्हणून भोकाखाली कागद मुडपून मास्किंग टेपने चिकटवायचा, लिफाफ्यासारखा. आणि स्विचबोर्डाच्या बरोब्बर वर किंवा खाली कधीच भोक पाडायचं नाही, कन्सील्ड वायरिंगचा पाइप बहुतेक तिथूनच सरळ गेलेला असतो. बाथरूममध्ये नळाच्या वरच्या लाइनचं पण तेच. टाइल्सवर पाडायचं असेल तर हॅमर बंद, स्पीड कमी, आधी मास्किंग टेप चिकटवा म्हणजे बिट घसरत नाही. टाइल्ससाठी वेगळं भाल्याच्या टोकासारखं बिट मिळतं, किटमध्ये ते नाही.

गॉगल पण नाही. शंभर नगांमध्ये एक ऐंशी रुपयांचा गॉगल बसला नाही ह्यांच्या डब्यात.

पुस्तिकेबद्दल बोलायलाच हवं कारण मी अर्धी किट त्या पुस्तिकेसाठी घेतली होती. दहा प्रोजेक्ट, फोटो सुंदर, बागेतला बाक, गॅरेजमधलं वर्कबेंच, कुत्र्याचं घर. आमच्याकडे बाग नाही, गॅरेज नाही, कुत्रा सोसायटीच्या वॉचमनचा. बरं ते सोडा, पण सगळी मापं 'टू बाय फोर' मध्ये. मला वाटलं दोन इंच बाय चार इंच लाकूड, म्हणून वखारीत गेले तर तिथल्या माणसाने विचारलं, "सागवान का पाइन, आणि चौकट करायचीय का?" नंतर कळलं की अमेरिकेत टू बाय फोर म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचच भरतं, रंधून वाळवून तेवढंच उरतं, आणि तिकडची घरं त्याच्याच सांगाड्यावर उभी असतात, भिंती म्हणजे वर लावलेला जिप्समचा बोर्ड. म्हणूनच डब्यात ते वीस पांढरे प्लास्टिकचे स्क्रूसारखे अँकर आलेत, जिप्समच्या भिंतीसाठी. आपल्या विटेच्या भिंतीत त्यांचा उपयोग शून्य, ऑफिसमध्ये पार्टिशनला लावता येतील फारतर. कोणीतरी तिकडची पुस्तिका उचलली, छापली, डब्यात टाकली, आपल्या घरात भिंत कसली असते हे एकदाही न बघता. पूर्ण किटबद्दल माझी तक्रार विचाराल तर हीच.

तर मी माझाच प्लॅन केला, दारातला बुटांचा बाक. हा जमतो, नवीन माणसाने हाच करावा असं मी म्हणेन. १८ एमएमचा प्लाय, अर्धी शीट म्हणजे चार बाय चार फूट. प्लायवाले विचारतात एमआर (ओलावा सोसणारा) का मरीन (पाणी सोसणारा), एमआर म्हणजे आयएस ३०३, मरीन म्हणजे आयएस ७१०, शिक्का बघून घ्या. पावसाळ्यात ओले बूट ठेवणार म्हणून मी मरीन घेतला. बाक ९०० एमएम लांब, ३५० रुंद, ४५० उंच. वरची फळी ९०० ची, दोन बाजू ४३२ च्या (कारण वर १८ ची फळी येणार), मधला कप्पा ८६४ चा. ८६४ का, तर दोन बाजूंची जाडी १८ अधिक १८ वजा करायची असते. मी केली नव्हती. मी ९०० च कापून आणला, घरी आणून लावला तर कप्पा बाहेर. सासूबाई म्हणाल्या, "ब्लाउजला शिलाई धरत नाहीस का, तसंच आहे ते." मी परत रिक्षाने दुकानात.

कटिंग दुकानातच करून घ्या, त्यांच्याकडे मोठं मशीन असतं, आमच्याकडे एका कटचे वीस रुपये घेतले, तेवढ्यात घरात करवत घेऊन दोन दिवस मरण्यात अर्थ नाही आणि कट इतका सरळ येणारही नाही. फक्त करवतीच्या पात्याची जाडी धरा, प्रत्येक कटला साधारण तीन एमएमचा भुसा होतो. ३५० च्या तीन पट्ट्या काढल्या की शीटमधून १०५० नाही, १०५९ जातात. माझ्या शीटमध्ये उरलेल्या पट्टीतून मागची आडवी पट्टी निघाली, ती लावल्याशिवाय बाक डुलतो, ती विसरू नका.

जोडताना प्लायच्या कडेत सरळ स्क्रू घुसवलात तर थर फाटतात, आधी तीन एमएमचं भोक पाडायचं, मग फेविकॉल, मग दीड इंची स्क्रू. इथे किटचा दुसरा दावा पडला. डब्यावर 'स्क्रूड्रायव्हर म्हणूनही वापरा' असं आहे, पण ह्या मशीनला क्लच नाही, स्क्रू पूर्ण बसला तरी फिरतच राहतं, पहिल्या दोन स्क्रूंची डोकी गुळगुळीत झाली. बाकीचे हाताने पिळले. फेविकॉल सुकेपर्यंत दाबून धरायला शिकंजा हवा, तो नव्हता, म्हणून गव्हाचा डबा आणि इडलीचा कुकर ठेवला रात्रभर. चाललं. मग काचपेपर आधी १२० नंबर मग २२०, प्रायमर, वर ऑइल पेंट. बाजारात असा बाक मला साडेचार हजार सांगितला होता, मला प्लाय, कटिंग, रंग, रिक्षा दोन्ही वेळची धरून अठ्ठावीसशे पडले. कडा थोड्या खडबडीत आहेत, तिकडे बघू नये.

हातोडीचं डोकं तिसऱ्या खिळ्याला हललं, ती आता नारळ फोडायला पण देत नाही मी कोणाला. पकड ठीक. टेपवर मी अन्याय केला होता, टोकाची पत्ती हलत होती म्हणून डिफेक्टिव्ह समजून फोटोसकट तक्रार टाकली, तर ती पत्ती मुद्दामच तिच्या जाडीइतकी ढिली असते, बाहेरून अडकवलं काय किंवा आत टेकवलं काय माप बरोबर यावं म्हणून. तक्रार गुपचूप मागे घेतली. पाणसळ मात्र खरोखरच खोटी निघाली. तपासायचं सोपंय, टेबलावर ठेवा, बुडबुडा कुठे आहे बघा, मग तिथेच उलट बाजूने फिरवून ठेवा, बुडबुडा त्याच जागी यायला हवा. माझा दुसरीकडे पळाला. आमच्या बेडरूमचा रॉड आजही डावीकडे किंचित झुकलेला आहे तो ह्या पाणसळीच्या कृपेने. बाबांच्या जुन्या पेटीतला ओळंबा (उभी रेघ बघायला) आणि गुण्या (काटकोन बघायला) आणले शेवटी, पेटीत गिरमिट पण होतं, पिळून पिळून भोक पाडायचं ते, प्लायमध्ये वापरून बघितलं, एका भोकाला घाम फुटला. मशीनला नावं ठेवणं त्यानंतर जरा कमी केलं.

अजून एक, भावाचा नवीन फ्लॅट पुण्यात वाकडला, त्याच्याकडे टीव्हीचं स्टँड लावायला ऐटीत किट घेऊन गेले. तिकडची बिल्डिंग मायवानची, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसकट सगळं काँक्रीटच ओततात, वीट औषधालाही नाही. पंधरा मिनिटं दोघांनी मिळून जोर लावला, भोक एक सेंटिमीटर. वहिनी म्हणाली, "ताई, चहा घ्या आधी." मग भाड्याने रोटरी हॅमर आणला, चारही भोकं पाच मिनिटांत. आपल्या ड्रिलमध्ये दातेरी चकत्या घासून बारीक बारीक ठोके बसतात, रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो तो खरा घण घालतो. तेव्हा तुमच्या घराच्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतील तर ही किट घेऊच नका. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत असेल तर उलटं, हॅमर बंद ठेवून नुसतं ड्रिल करा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी गोल फिरत बसते.

मग घ्यावी का? परत घ्यायची झाली तर मी नुसतं मशीन घेईन, ते दोन हजारांच्या आसपास येतं, आणि उरलेल्या नऊशेत एकदा मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात चक्कर, मस्जिद स्टेशनला उतरून चालत. तिथून सहा आणि आठ एमएमची दोन-दोन चांगली बिटं, लांब गिट्ट्या, बुडबुडा तपासून घेतलेली पाणसळ आणि गॉगल, एवढं बसतं, वर एक वडापाव. मशीनला साडेचार स्टार, डब्यातल्या बाकी सामानाला दीड, सरासरी तुम्ही काढा, मी तीन दिलेत.

आणि चकची चावी (बिट घट्ट करायची) पहिल्याच दिवशी सुतळीने वायरला बांधून टाका. माझी ओरिजिनल दुसऱ्या आठवड्यात हरवली, नवी साठ रुपयांना आणली आणि परवा दिवाळीच्या साफसफाईत जुनी त्याच बाकाखाली बुटात सापडली.