तुर्भ्यात बनवून घेतलेला व्हॉल्व्हवाला कॅट-बॅक: आवाज झकास, घुमघुम जास्त

कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा सगळा एक्झॉस्ट, सायलेन्सरसकट. तो मी जिथे बनवून घेतला, त्या तुर्भे एमआयडीसीतल्या वर्कशॉपचं वेल्डिंग खरंच सुबक आहे. पाइप ३०४ ग्रेडचा स्टेनलेस, टिग वेल्डिंग, आणि वेल्ड करताना पाइपच्या आतूनही आरगॉन वायू सोडतात. तो सोडला नाही तर आतली बाजू जळून खडबडीत होते आणि पुढे तिथेच तडा जातो.

एक्झॉस्टचा आवाज कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह उघडला की चार सिलिंडरची टर्बो गाडीही भारदस्त गरजते. खरी कटकट २,४०० आरपीएमला, म्हणजे नेमकी पाम बीच रोडवर निवांत चालवताना. या वेगाला सिलिंडरांमध्ये सेकंदाला इंधनाचे ८० स्फोट होतात, आणि त्या ८० हर्ट्झला केबिन घुमते, डोकं उठतं. उपाय आहे: एक टोक बंद केलेला, साधारण दीड मीटरचा जे-पाइप जोडायचा; त्याच्या बंद टोकावरून परतणारी ध्वनिलहर ही घुमघुम मारते. नेमकी लांबी आतल्या वायूच्या तापमानावर ठरते, म्हणून आधी थोडा लांबच ठेवून कापत आणायचा. इथे तो आपणहून सुचवत नाहीत, मागावा लागतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला मात्र साफ नाही म्हणा. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा) कोड येऊन इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीचे वांधे होतात. व्हॉल्व्ह बंद ठेवला की कायद्यातून सुटका होते, हाही भ्रमच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं.

इंजिन दोनतीनदा तापून थंड झालं की फ्लँजचे (पाइपच्या जोडाचे) बोल्ट पुन्हा आवळून घ्या. थंड इंजिनवर फटफट ऐकू आली तर गॅस्केट गळतंय. कंपनीचा सायलेन्सर आठवणीने मागून घ्या, नाहीतर तो भंगारात जातो.