फोनो प्रीअँप: डबा निवडण्याआधी कार्ट्रिजचा कागद वाचा

टर्नटेबलची वायर थेट अँपच्या ऑक्समध्ये खुपसली तरी आवाज येतो. पण व्हॉल्यूम जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागतो, तबल्यातला डग्गा नाहीसा होतो आणि गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. स्पीकर बिचारे ठीक असतात. टर्नटेबल आणि अँप यांच्यामधला फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा छोटा डबा, राहून गेलेला असतो.

रेकॉर्ड कापतानाच खर्जाचा आवाज दाबलेला आणि वरचा आवाज चढवलेला असतो. खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला फारच थोडं संगीत मावेल. वरचा आवाज चढवल्यामुळे तो तबकडीच्या खरखरीच्या वर राहतो. वाजवताना हे सगळं उलटं करावं लागतं. त्यासाठीचा आरआयएए वक्र, म्हणजे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं प्रमाण, १९५४ साली ठरला. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल उचल आणि २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल उतार, असा तो आहे. प्रीअँप आवाज मोठा करतो, आणि हा वक्रही तोच लावतो.

खरेदीआधी टर्नटेबलच्या मागे बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्स आणि एटी-एलपी१२०एक्स-यूएसबी या दोन्हींत ३६ डेसिबलचा प्रीअँप आतच आहे, आणि तो चालू-बंद करायला लाइन/फोनो असं बटण आहे. एलपी६०एक्सवर बाहेरचा प्रीअँप लावण्यापेक्षा तेच पैसे स्पीकरवर घालणं शहाणपणाचं, कारण तिथे कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिची थरथर विजेत बदलणारा भाग) बदलायला वावच नाही. एलपी१२०एक्सवर मात्र फरक ऐकू येतो. बाहेरचा डबा लावला की बटण फोनोवर करायला विसरू नका. लाइनवर राहिलं तर वक्र दोनदा लागतो: खर्ज घुमायला लागतो, वरचे सूर मरतात आणि मोठे स्वर फाटतात. जुन्या अँपला फोनो इनपुट असेल तर आधी तो ऐकून बघा.

आता गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते. ४० डेसिबल म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे हजारपट. एटी-व्हीएम९५ई हे मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणारं) कार्ट्रिज ४ मिलिव्होल्ट देतं, म्हणजे ४० डेसिबलनंतर ४०० मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो, त्यामुळे रेकॉर्ड सीडीपेक्षा हळू वाजणारच. तो बिघाड नव्हे. डेनॉन डीएल-१०३ हे मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी हलणारं) कार्ट्रिज फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं, त्याला ६० डेसिबल लागतात. उलट साडेपाच मिलिव्होल्टच्या ऑर्टोफोन २एम रेडला ६० डेसिबल दिले तर जोरकस जागांवर प्रीअँप फाटेल. मूव्हिंग मॅग्नेटला ३६ ते ४२ डेसिबल पुरतात.

लोक ज्याकडे सगळ्यात कमी बघतात आणि ज्याने आवाज सगळ्यात जास्त बदलतो, ती गोष्ट कपॅसिटन्स, म्हणजे वायर आणि इनपुटची विद्युतभार साठवण्याची क्षमता. ती पिकोफॅरडमध्ये मोजतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज म्हणजे तारेची मोठी गुंडाळी. ती गुंडाळी, आर्मची (सुईच्या दांडीची) वायरिंग, टर्नटेबल प्रीअँपला जोडणारी आरसीए केबल आणि प्रीअँपचा इनपुट मिळून एक रेझोनन्स तयार होतो, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला आवाज फुगतो. एटी-व्हीएम९५ईसाठी कंपनी १०० ते २०० पिकोफॅरड सांगते, २एम रेडसाठी १५० ते ३००. हा आकडा एकट्या प्रीअँपचा नाही, एकूण बेरजेचा आहे. आर्मच्या वायरिंगचे ४०, मीटरभर केबलचे १०० आणि प्रीअँपचे १०० धरले तर २४० झालेच. प्रीअँपवर २०० निवडले तर ३४०. व्हीएम९५ईच्या गुंडाळीचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) ५५० मिलिहेन्री आहे. त्यावरून हिशेब केला तर १५० पिकोफॅरडला रेझोनन्स १७ किलोहर्ट्झच्या पुढे राहतो, ३४० ला तो साडेअकरावर उतरतो. तिथे उंचवटा येतो आणि त्याच्या पलीकडचं सगळं घसरतं. अभंगातले टाळ कानाला टोचायला लागतात, गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखा येतो, आणि आपण रेकॉर्ड झिजली म्हणून हळहळत बसतो. खूपदा रेकॉर्ड धडधाकट असते.

म्हणून केबल छोटी ठेवा, मीटरभर पुरे. मोजायची असेल तर दोन्ही टोकं मोकळी करून मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. मीटरला २ नॅनोफॅरडची रेंज हवी, आणि त्याच्या स्वतःच्या वायरींचा आकडा वजा करायला हवा. मूव्हिंग कॉइलवाल्यांनी ही काळजी सोडून द्यावी. तिथे कपॅसिटन्स जवळपास गैरलागू असतो आणि इनपुटचा रोध महत्त्वाचा.

आता प्रत्यक्ष डबे. बेहरिंगर पीपी४०० सगळ्यात स्वस्तांपैकी एक. फक्त मूव्हिंग मॅग्नेटसाठी, बदलण्यासारखं त्यावर काही नाही, वीज बाहेरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून. पहिलं टर्नटेबल, छोटे स्पीकर आणि बेताचा आवाज असेल तर तो काम करतो. स्पीकर सुधारले की त्याची बारीक सूं ऐकू यायला लागते.

थोडे जास्त पैसे असतील तर आमची पसंती एआरटीच्या डीजे प्री टू ला. दिसायला रुक्ष, पण १०० आणि २०० पिकोफॅरडची निवड आहे, गेन फिरवता येतो, खर्ज कापणारं बटण आहे आणि सिग्नल फाटतोय हे दाखवणारा दिवाही आहे. दिवा लाल झाला की गेन कमी करायचा, एवढं सोपं. वर सांगितलेला टाळांचा फरक याच्यावर दोन मिनिटांत पडताळता येतो: तीच ओळ १०० वर ऐका, मग २०० वर.

केंब्रिज ऑडिओचा अल्वा सोलो वेगळ्या स्वभावाचा. गेन ३९ डेसिबल, इनपुट १०० पिकोफॅरड, दोन्ही कायमचे. पॉवर सप्लाय आतच आहे, म्हणजे भिंतीला लटकणारा अडॅप्टर नाही. मागे बॅलन्सचा नॉब आहे, जो डावी-उजवी बाजू कमीजास्त वाजणाऱ्या कार्ट्रिजला उपयोगी पडतो. मूव्हिंग मॅग्नेटवरच राहायचं पक्कं असेल तर हा घ्या आणि विसरून जा. पुढे मूव्हिंग कॉइल घ्यायचा विचार असेल तर आयफायचा झेन फोनो बघा: ३६, ४८, ६० आणि ७२ डेसिबल अशा चार पायऱ्या आणि बंद करता येणारा सबसॉनिक (ऐकू न येणारा खोल खर्ज कापणारा) फिल्टर. हा फिल्टर नुसती सजावट नाही. उन्हाने वाकलेली एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेताना सुई वर-खाली होते. ती हालचाल ऐकू येत नाही, पण वूफरचा कोन पुढे-मागे हलताना दिसतो, आणि पोर्टवाल्या (पेटीला हवेचं भोक असलेल्या) स्पीकरना त्याने इजा होऊ शकते.

स्वस्त डब्यांत व्हॅक्यूम ट्यूब चमकते म्हणून भुलू नका. आरआयएएची अचूकता रोधक आणि कपॅसिटरच्या दर्जावर ठरते. तपशिलात ती अर्ध्या डेसिबलच्या आत दिली आहे का, ते बघा.

गुणगुणीची तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि प्रीअँप परत करण्याआधी तिचा माग काढता येतो. व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा, पण वायर काढता-लावताना प्रत्येक वेळी शून्यावर आणा, नाहीतर ठोका थेट ट्वीटरवर बसेल. आधी प्रीअँपच्या इनपुटमधल्या आरसीए काढा. गुणगुण राहिली तर दोष प्रीअँप, त्याचा अडॅप्टर किंवा अँपकडचा. गेली तर टर्नटेबलकडचा. तिथे पहिला संशयित म्हणजे काळी किंवा हिरवी ग्राउंड वायर: ती प्रीअँपच्या स्क्रूखाली घट्ट हवी, नुसती टेकलेली नको. मग डबा अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब न्या आणि फिरवून बघा. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे आर्थिंग नसतं. वायरमनकडून ते तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी अँपची आर्थ पिन कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यानंतर एका बाजूचा आवाज येईनासा झाला तर आरसीए प्लग काढून दोन-चारदा फिरवून पुन्हा बसवा. बहुतेकदा नुसती गंजाची झिल्ली असते. अडॅप्टर बदलताना व्होल्ट, एसी की डीसी आणि मधल्या पिनचं धन-ऋण जुळलंच पाहिजे.

ज्यांच्या घरी नाट्यसंगीताच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्यातल्या बहुतेक आरआयएए ठरण्याआधीच्या. त्या कोरताना वरचा आवाज इतका चढवलेलाच नव्हता, आणि आजचा प्रीअँप मात्र १० किलोहर्ट्झला पावणेचौदा डेसिबल कापतो. म्हणून त्या कोंदट वाजतात. अँपचा ट्रेबल चढवून थोडी भरपाई होते. संगणकावर रेकॉर्ड करून इक्वलायझरने केली तर जास्त नीट. अँपवर मोनो बटण असेल तर दाबा, खाचेतली उभी खरखर बरीच गळून पडते. आणि एलपीची सुई त्यांवर चालवू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, जशी एटी-व्हीएम९५एसपीला आहे. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, आणि तिथे गाणं नसतं, नुसती धूळ असते.