प्लायच्या ग्लूसाठी फॉर्मेलिन: चांदी बरी की मॉलिब्डेट?

चंद्रपूर-भंडाऱ्याकडच्या तालुक्याच्या एमआयडीसीत प्लायच्या ग्लूसाठी स्वतःचं फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, मिथेनॉलची वाफ आणि हवा तापलेल्या कॅटॅलिस्टवरून नेऊन बनतं) काढायचं असेल, तर कॅटॅलिस्टच्या, म्हणजे चांदीच्या किंवा आयर्न मॉलिब्डेटच्या, भावाआधी तुमचा फीडर (विजेची लाईन) कसा आहे ते बघा.

चांदीचा बेड (कणांचा थर) जेमतेम 1 ते 3 सेंटिमीटर जाड, 600 ते 700 अंशांवर लालबुंद. लगेच खाली वेस्ट हीट बॉयलर, म्हणजे त्याच उष्णतेवर वाफ काढणारा. वायू तिथेच झटक्यात थंड झाला नाही, तर तयार झालेलं फॉर्मल्डिहाइड तुटून कार्बन मोनॉक्साइड होतं. लाईन गेली की बेड आक्रसतो, भेग पडते आणि भेगेतून मिथेनॉल कोरंच निसटतं. भरताना कडेला पोकळी राहिली तरी तेच. दुसरा शत्रू गंज. साध्या लोखंडाच्या पाइपातून आलेलं लोह चांदीवर बसलं की उतारा घसरतो, म्हणून व्हेपोरायझरपासून (मिथेनॉलची वाफ करणाऱ्या भांड्यापासून) पुढे स्टेनलेसच घाला, फिल्टरसकट. बेड काही महिनेच टिकतो, पण जुनी चांदी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. वर टेल गॅसमध्ये (शेवटी उरलेल्या वायूत) हायड्रोजन असल्यामुळे तो जाळून वाफ मिळते, हा मोठाच फायदा.

आयर्न मॉलिब्डेटच्या रिंगा नळ्यांत भरतात, बाहेरून उकळतं थर्मल ऑइल, तापमान 250 ते 400 अंश. ट्रिप झाली (प्लांट अचानक बंद पडला) तरी तेल ऊब धरून ठेवतं, त्यामुळे पुन्हा चालू करणं सोपं. मिथेनॉल 98-99 टक्के वापरलं जातं आणि डिस्टिलेशनशिवाय 50 टक्क्यांवरचं फॉर्मेलिन निघतं. ग्लू शिजवताना तेवढं पाणी कमी उडवावं लागतं. आयुष्य वर्ष-दीड वर्ष. खोट अशी, की हॉट स्पॉटवरचं (नळीतल्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) मॉलिब्डेनम उडून खाली थंड भागात बसतं आणि नळी चोंदते. प्रेशर ड्रॉप (नळ्यांच्या दोन टोकांतला दाबाचा फरक) दर शिफ्टला लिहा. भरताना तर एकेका नळीचा प्रेशर ड्रॉप मोजाच, कारण सैल नळीतून जास्त गॅस जातो.

वीजबिल मात्र झोंबतं. स्फोटाच्या मर्यादेखाली राहायला मिथेनॉल हवेत पातळ ठेवावं लागतं, म्हणून ब्लोअर मोठा. टेल गॅसही आपोआप पेटत नाही, कॅटॅलिटिक इन्सिनरेटर (कॅटॅलिस्टवर तो वायू जाळणारं यंत्र) वेगळा घ्यावा लागतो.

तरीही रोज लाईन जाणाऱ्या फीडरवर आमची पसंती मॉलिब्डेटलाच. फीडर भरवशाचा आणि प्लांट लहान असेल, तर चांदी घ्या.

मॉलिब्डेटचं फॉर्मेलिन कमी मिथेनॉलचं असल्यामुळे डिसेंबरच्या रात्री टाकीत पांढरा गाळ धरतं. 37 टक्क्यांचं 35 अंशांवर, 50 टक्क्यांचं 55 च्या आसपास ठेवा. वाफेची कॉइल आणि इन्सुलेशन पहिल्याच कोटेशनमध्ये मागा.