तिसरीच्या मुलांची मराठी कशी तपासावी: वाचून घ्यावं, लिहून घ्यावं की पर्याय द्यावेत?

वर्गात ३० मुलं, शाळेत शिक्षक दोन, आणि कोणाला मराठी कितपत येते हे जुलैतच कळायला हवं. विदर्भातल्या गावशाळेला झेपतील अशा चार पद्धती आहेत. निकाल हाती आल्यावर त्याचं काय करणार, यावर निवड ठरते.

गट पाडून शिकवायचं असेल तर एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घ्या. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' (ASER) या देशव्यापी पाहणीत २००५ पासून हीच रीत आहे. सुरुवात सोप्या परिच्छेदापासून. मूल सुटे शब्द न तोडता वाक्य म्हणून वाचतंय आणि चुका तीनपेक्षा जास्त नाहीत, तर पुढे गोष्ट द्यायची. अडलं तर पाच शब्द, त्यांतले चार यायला हवेत. तेही जमलं नाही तर पाच अक्षरं, तोच नियम. मुलामागे ५ मिनिटं धरली तर अडीच तास लागतात, म्हणजे रोज ५० मिनिटं, तीन दिवस.

सर्वांत मोठी गफलत उच्चारात होते. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) 'डोरा'. मुलाने छापलेला शब्द ओळखला आणि घरच्या बोलीत म्हटला, ही वाचनाची चूक नव्हेच. ती चूक धरली की आपण वाचन सोडून बोली तपासतो आणि चाचणीची सप्रमाणता, म्हणजे जे तपासायचं तेच तपासलं जाणं, तिथेच संपते. विश्वसनीयतेसाठी, म्हणजे कोणीही तपासलं तरी निकाल तोच यावा म्हणून, पहिली पाच मुलं दोघा शिक्षकांनी सोबत ऐकावी, नोंद मात्र वेगळी करावी. जिथे नोंदी जुळत नाहीत तिथला नियम लिहून ठेवावा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं आहे; पण घड्याळ परिच्छेद सहज वाचणाऱ्यालाच लावा.

श्रुतलेखन २० मिनिटांत अख्ख्या वर्गाचं होतं, म्हणून मोह होतो. शब्द-शब्द तोडून सांगितलं तर फक्त अक्षरं तपासली जातात. चार-पाच शब्दांचा तुकडा दोनदा म्हणा, शेवटी सगळं एकदा वाचा. तपासताना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एका रकान्यात, गळालेले शब्द दुसऱ्यात. दोन्हींची बेरीज केली की निकालातून काहीच कळत नाही.

आकलन पाहायचं तर रिकाम्या जागांची क्लोज चाचणी उत्तम. १९५३ मध्ये अमेरिकी संशोधक विल्सन टेलर यांनी ती मांडली. पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवून मधला दर सातवा शब्द गाळायचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'झाडाखालून' गाळला तर मुलाला नाम आणि शब्दयोगी दोन्ही शोधावं लागतं. म्हणून तिसरीला दर पाचवा शब्द गाळू नका, फार जड जातं. 'जनावरं'च्या जागी कोणी 'ढोरं' लिहिलं तर पूर्ण गुण. अर्थ बसला आहे. ज्यांना परिच्छेद वाचता येत नाही त्यांना ही चाचणी देऊच नका.

बहुपर्यायी प्रश्न तपासायला सोपे. पण चार पर्यायांच्या २० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी ५ बरोबर येतात, त्यामुळे ६ गुणांवरून काही ठरवता येत नाही. शिवाय उतारा न देता प्रश्न तीन-चार मुलांना विचारून पाहा. जे त्यांना सहज सुटतात ते काढून टाका. ते सामान्यज्ञान तपासतात.

मेळघाटातली कोरकू, भामरागडची माडिया, यवतमाळची कोलामी बोलणारी मुलं असतील तर निवड आणखी स्पष्ट आहे: तोंडी वाचनच. या भाषा मराठीच्या कुळातल्या नाहीत. वाचन मराठीत घ्या, पण अर्थाचे प्रश्न ती भाषा जाणणाऱ्या गावातल्या मोठ्या माणसाकडून विचारून घ्या आणि उत्तर घरच्या भाषेत चालू द्या. मराठी वाचून कोरकूत बरोबर सांगणाऱ्या मुलाला आकलन आहे, बोलायला शब्द हवे आहेत. त्याला 'अक्षर' गटात, म्हणजे फक्त अक्षरं ओळखणाऱ्यांत, टाकणं अन्याय होईल.

शाळा जूनअखेर उघडते तेव्हा पेरणी चालू असते आणि काही मुलं आईबापासोबत शेतात असतात. त्यामुळे चाचणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्या आणि तेवढ्याच काठिण्याचे दोन परिच्छेद तयार ठेवा. उशिरा येणाऱ्या मुलाला दुसरा द्या. पहिला तोवर वर्गाला पाठ झालेला असतो.