निवेदन द्यावं की ठराव मांडावा?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटसाठी नंदुरबारकडच्या डॉक्टरला काही मागायचं असेल, तर दोन वाटा आहेत: जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, नाहीतर आपल्या डॉक्टर संघटनेच्या शाखेतून ठराव.

निवेदन एका दिवसात होतं. लेटरहेडवर पानभर मजकूर, चार-पाच सह्या, आवक शिक्क्याची पोच. ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या संपल्या असतील तर निवेदनच द्या, अंगदुखीने तळमळणारं पोर सभेच्या तारखेपर्यंत थांबू शकत नाही. पण साहेबांची बदली झाली की पाठपुरावा पुन्हा पहिल्यापासून.

ठरावाला वेळ लागतो. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान, इतिवृत्तात नोंद, मग राज्य शाखेकडे रवानगी. त्याच्या मुदती संघटनेच्या घटनेत आधी वाचून ठेवा. एकदा मंजूर झाला की ती संघटनेची भूमिका होते. पदाधिकारी बदलले तरी ती कायम राहते. धोरण बदलायचं असेल तर माझं मत ठरावालाच.

मात्र तो नीट लिहायला हवा, आणि बहुतेक ठराव इथेच कच्चे राहतात. ‘शासनाने सिकलसेलकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’ यावर कुणी हरकत घेणार नाही आणि कुणी काही करणारही नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्टही ठरलंय. म्हणजे त्यातलीच तपासणी मोहीम नव्याने मागण्यात अर्थ नाही. तिच्या पुढचं मागा. सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीत नुसता वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की रक्ततपासणी लागते. हायड्रॉक्सीयुरियाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात, म्हणून गोळ्यांसोबत नियमित सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, हवी. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून त्यासाठी जिल्ह्याला यायचं म्हणजे मजुरी बुडते.

ठरावाच्या ‘ज्याअर्थी’मध्ये, म्हणजे कारणांच्या भागात, एवढंच घाला. ‘त्याअर्थी’मध्ये, म्हणजे मागणीच्या भागात, एकच मागणी ठेवा: गोळ्या मिळतील त्याच तालुक्यात सीबीसी व्हावी, ती कोणत्या खात्याने करावी हेही लिहा. मानधन, डॉक्टरांवरचे हल्ले, रिक्त पदं हे सगळे जिव्हाळ्याचे प्रश्न आहेत, पण त्यांना वेगळे ठराव द्या. एकात पाच मागण्या कोंबल्या की एकीवरच्या वादात बाकीच्या चारही अडकतात.

गोळ्याही संपल्या असतील आणि धोरणही हवं असेल, तर निवेदन आजच द्या आणि त्याची पोच ठरावाला जोडा. मसुदा सभेआधीच धुळे-जळगावच्या सहकाऱ्यांना पाठवा. दोन-तीन शाखांनी तोच मजकूर मंजूर केला, तर राज्य पातळीवर तो एका जिल्ह्याचा प्रश्न म्हणून बाजूला टाकता येत नाही.