4070 की 2000 एडा: कार्ड निवडण्याआधी चार्जर बघा

मोबाइल वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा लॅपटॉप, घ्यायचं ठरलं की शोधाशोध करता करता बहुतेक जण दोन पर्यायांपाशी येऊन थांबतात. एक एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स 4070 या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप, दुसरा त्याच कंपनीच्या व्यावसायिक मालिकेतल्या आरटीएक्स 2000 एडा कार्डाचा. मी दोन्ही वापरले आहेत. पहिला सव्वा वर्ष, दुसरा गेलं वर्षभर. काम तेच होतं आणि आहे: दिवसभर कॅडमध्ये (संगणकावर वस्तूंची मॉडेलं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दीड-दोन हजार पार्ट जोडून बनलेल्या असेंब्ली, आणि आठवड्यातून एखाद-दोनदा ग्राहकाला दाखवायला रेंडर, म्हणजे मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र. तुमचं काम याहून फार वेगळं असेल तर माझं मत थोडं जपून घ्या.

व्यावसायिक कार्डात काहीतरी वेगळीच चिप असते असं अजूनही अनेकांना वाटतं. तसं नाही. लॅपटॉपमधलं 2000 एडा आणि जीफोर्स 4060 ही दोन्ही एडी107 या एकाच चिपवर बनतात. कुडा कोर (कार्डातले आकडेमोड करणारे भाग) 3072, मेमरी 8 जीबी, दोन्हीकडे सारखंच. 4070 ची चिप एक पायरी वरची, 4608 कोरची, पण मेमरी तीच 8 जीबी. म्हणजे कागदावर 4070 सरस, आणि रेंडरमध्ये ते सरसपण खरोखर जाणवतं. पूर्वी रेंडर लावून मी दोन-चार ईमेलना उत्तरं देईपर्यंत चित्र तयार असायचं. आता तेवढ्यात होत नाही, दुसरं एखादं काम हातात घ्यावं लागतं.

असेंब्ली फिरवताना मात्र मला दोघांत फरक सांगता येणार नाही. मॉडेल बदलल्यावर रीबिल्डला, म्हणजे ते नव्याने मोजून उभं करायला, जो वेळ लागतो, तो प्रोसेसरचा असतो, तोही बराचसा एकाच कोरचा. तिथे कार्ड नुसतं बसून असतं.

व्यावसायिक कार्डाचे जास्तीचे पैसे जातात ते ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कॅड कंपन्यांच्या प्रमाणपत्रासाठी. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमधलं रिअलव्ह्यू (काम करतानाच मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारी सोय) प्रमाणित व्यावसायिक कार्डावरच अधिकृतपणे चालतं. शिवाय सॉफ्टवेअर अडलं आणि मदत मागितली, की समोरून पहिला प्रश्न कार्ड कोणतं आणि ड्रायव्हरची आवृत्ती कोणती हाच येतो. 2000 एडावर ते संभाषण लवकर पुढे सरकतं, हा माझा अनुभव. रंगांच्या 30-बिट अचूकतेसाठी, म्हणजे जास्त बारीक छटांसाठी, मात्र आता व्यावसायिक कार्डच हवं असं राहिलेलं नाही. 2019 मध्ये एनव्हिडियाच्या स्टुडिओ ड्रायव्हरमधून ती सोय जीफोर्सलाही मिळाली.

इथवर पारडं जवळपास समान होतं. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने.

4070 च्या लॅपटॉपसोबत 230 वॉटचा चार्जर आला होता. टेबलावर दोन मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क, सगळं एका थंडरबोल्ट डॉकला, म्हणजे जोडणीच्या पेटीला, जोडलेलं, आणि डॉकमधून लॅपटॉपला एकच यूएसबी-सी वायर. डॉक त्याच वायरीतून 100 वॉटपर्यंत वीज देणारा. पहिले काही आठवडे मी खूश होतो. मग एका दुपारी ग्राहकासोबत स्क्रीन शेअर करून बोलत होतो, मागे एक रेंडर चालू होता, आणि बॅटरी कमी असल्याची सूचना आली. लॅपटॉप सकाळपासून डॉकला जोडलेला होता. चार्जिंगची खूणही दिसत होती. तरी बॅटरी उतरतच गेली, पुढे लॅपटॉपने कार्डाची वीज कमी केली आणि असेंब्ली अडखळत फिरू लागली, नेमकी ग्राहकासमोर.

हिशेब सरळ आहे, तो मी आधीच करायला हवा होता. 4070 ला लॅपटॉपमध्ये 35 पासून 115 वॉटपर्यंत वीज देता येते, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये ती वरच्या टोकाला होती. त्यात प्रोसेसरचे निदान 45 आणि स्क्रीनचे थोडे धरा. शंभरात हे बसत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. यूएसबी-सीच्या नव्या मानकाने 2021 मध्ये मर्यादा 240 वॉटवर नेली, पण बाजारातले बहुतेक डॉक अजून शंभराच्या आतबाहेरच आहेत. काही लॅपटॉप कंपन्यांचे डॉक 130 वॉट देतात, तेही फक्त स्वतःच्याच लॅपटॉपला.

उपाय होता, मूळ चार्जरही लावून ठेवायचा. मग वायरी दोन झाल्या. बाहेर जाताना तो विटेएवढा चार्जर टेबलाखाली वाकून काढायचा, पिशवीत कोंबायचा, परत आल्यावर पुन्हा लावायचा. दोनदा तो घरीच विसरलो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण रोज घडणारी कटकट रेंडरच्या वाचलेल्या मिनिटांपेक्षा मला जड झाली.

आताच्या लॅपटॉपमध्ये 2000 एडाला सुमारे 50 वॉटच दिले आहेत. डॉक तोच, वायर एकच. लांब रेंडर चालू असताना बॅटरी थोडी उतरते, नंतर आपोआप भरते. पंखाही बराच शांत असतो. चार्जर पिशवीतच राहतो, तो बाहेर काढायची वेळ क्वचित येते.

पण नुसत्या नावावर जाऊ नका. पातळ लॅपटॉपमध्ये 60 वॉटवर बांधलेली 4070 कदाचित माझ्या डॉकवर नीट चालेल, आणि जाड बांध्याच्या वर्कस्टेशनमध्ये 2000 एडाही बरीच वीज खाऊ शकते. विक्रेत्याला कार्डाचे वॉट विचारा. ते सांगता येत नसेल तर सोबतच्या चार्जरवरचा आकडा वाचा, त्यावरून पुष्कळ कळतं.

बाकीच्या गोष्टींवर फार वेळ घालवू नका. रॅम नंतर बदलता येईल अशा दोन जागा आहेत का एवढं बघा, बोर्डवर पक्की बसवलेली असेल तर सुरुवातीलाच हवी तेवढी घ्या. कूलिंग पॅडपेक्षा लॅपटॉपची मागची कड थोडी उचलून ठेवली तरी मला तेवढाच फायदा दिसला. बाहेरचा मॉनिटर लावताना ध्यानात ठेवा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं पोर्ट थेट मुख्य कार्डाला जोडलेलं असतं. तिथे मॉनिटर लावला की कार्ड जागंच राहतं आणि नुसतं ईमेल वाचतानाही पंखा फिरतो.

तुमचा दिवस मुख्यतः रेंडरमध्ये जात असेल तर 4070 घ्या, फक्त त्यासोबत दुसरा चार्जरही घ्या, एक टेबलाला कायमचा, एक पिशवीत. रेंडर करायचे तुमचे सीन कार्डाच्या 8 जीबी मेमरीत मावत नसतील तर या दोघांवर विचारच करू नका. 12 जीबीचं 3500 एडा किंवा जीफोर्स 4080 बघा, आणि तिथे तर डॉकच्या विजेवर मुळीच विसंबू नका.

डॉकसोबतची वायर आखूड पडली म्हणून दुसरी घेणार असाल, तर तिच्यावर 100 वॉट किंवा 5 अँपिअर लिहिलेलं आहे का ते नीट पाहून घ्या. साध्या यूएसबी-सी वायरीतून 60 वॉटच जातात, आणि तेवढ्यावर 2000 एडाचा लॅपटॉपसुद्धा बॅटरी खायला लागतो.