डिलन ५५० रिलोडिंग प्रेस: काही महिन्यांच्या वापरानंतर, साफसफाई आणि देखभालीसकट

अमेरिकेत रेंजवर नियमित नेमबाजी करणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये डिलनचा ५५० प्रेस हमखास दिसतो. वापरलेल्या पितळी पुंगळीत (काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यात) नवा प्रायमर (तळाची ठिणगी देणारी टोपी), पावडर आणि बुलेट बसवून काडतूस पुन्हा भरायचं हे यंत्र. चार स्टेशन (कामाचे टप्पे), शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी गोल चकती) हाताने फिरवायची आणि कॅलिबर (काडतुसाचा आकार) बदलताना अख्खं टूलहेड (पुंगळीवर काम करणारे साचे, म्हणजे डाय, बसवलेला वरचा भाग) बाहेर सरकवायचं, अशी त्याची रचना आहे. (भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हा अनुभव अमेरिकेत आणि जिथे हे कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यांसाठी.) ९ मिमी (पिस्तूल) आणि .२२३ (रायफल) अशा दोन्ही कॅलिबरसाठी काही महिने सतत वापरल्यावर माझं ठाम मत झालं आहे: हा प्रेस वापराने झिजत नाही, राख आणि तेल एकत्र आल्याने झिजतो.

पहिल्या स्टेशनवर जुना प्रायमर निघतो आणि तिथेच नवा बसतो. निघालेला प्रायमर नळीतून खालच्या कपात जातो, पण त्याच्यासोबतची काळी राख सगळीकडे उडते. ही राख खरखरीत असते आणि तिच्यात शिसं, बेरियम, अँटिमनी यांची संयुगं असतात. ती कोरडी असेल तर ब्रशने झटकली जाते. तेलावर बसली की घासणारी पेस्ट तयार होते आणि मेनशाफ्ट (वरखाली होणारा मुख्य दांडा), प्रायमर स्लाइड (नवा प्रायमर पुंगळीखाली नेणारी सरकपट्टी) यांना ओरखडे पाडते. म्हणून 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' हा समज आधी सोडा.

प्रेस उघडण्याआधी नव्या प्रायमरची नळी पूर्ण रिकामी करा आणि प्रायमर त्यांच्या मूळ डबीत ठेवा. हॉपरमधली (पावडरच्या टाकीतली) पावडर मूळ डब्यात ओतून डबा टेबलावरून हलवा. प्रायमर किंवा पावडर सांडली असेल तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, त्याच्या मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. ओल्या चिंधीने टिपा. नायट्राइल हातमोजे घाला, काम चालू असताना खाणंपिणं नको, कॉम्प्रेसरची हवा मारू नका (शिशाची धूळ नाकात जाते) आणि शेवटी हात गार पाण्याने साबण लावून धुवा.

आता खोलणं. पावडर मेझरची (पावडर मोजून टाकणाऱ्या भागाची) फेलसेफ रॉड (त्याला जोडलेली दांडी) सोडवा, दोन पिना काढा, टूलहेड पुढे ओढा. डाय जागच्या जागी राहतात, सेटिंग बिघडत नाही. मग लोकेटर बटणं (पुंगळ्या प्लेटमध्ये जागी धरणाऱ्या पिना) काढून एका वाटीत ठेवा. शेलप्लेटचा बोल्ट सोडवण्याआधी त्याला धरून ठेवणारा छोटा लॉक स्क्रू सैल करायला विसरू नका. नवशिके हमखास इथे चुकतात: लॉक स्क्रू तसाच ठेवून पान्हा जोराने फिरवतात आणि आटे खराब करतात. प्लेट उचलताना अंगठा तिच्यावर दाबून धरा, कारण खाली स्प्रिंगवर बसलेली छोटी पोलादी गोळी असते. ती उडाली की गॅरेजभर शोधावी लागते. प्लॅटफॉर्मखाली जुना टॉवेल पसरून ठेवला की निम्मी धास्ती जाते.

प्लेटच्या खालच्या बाजूला पावडरचे दाणे, पितळेचा भुगा आणि मळ यांचा थर सापडतो. जुना टूथब्रश आणि ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसं आहे. पुसून कोरडं झाल्यावर प्लेटच्या तळाला आणि त्या पोलादी गोळीच्या खाचांना ग्रीसचा जेमतेम हात फिरवा, दिसेल इतकंही नको. परत बसवताना बोल्ट पूर्ण आवळा, मग अगदी थोडा मागे घ्या, जेणेकरून प्लेट मोकळी फिरेल पण बोटाने हलवल्यावर डुगडुगणार नाही. मग लॉक स्क्रू आवळा आणि पुन्हा एकदा फिरवून पाहा, कारण लॉक स्क्रू आवळताना बोल्ट जरासा सरकतो. बोल्ट सैल राहिला तर प्रायमर पूर्ण न बसता वर राहतो. घट्ट राहिला तर प्लेट अडखळत फिरते, झटका बसतो आणि भरलेल्या पुंगळीतून पावडर सांडते.

ही फक्त स्वच्छतेची बाब नाही. ५५० मध्ये प्लेट आपोआप फिरत नाही. फिरवायची राहिली आणि हँडल पुन्हा खाली आलं तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडते. ९ मिमीत जलद जळणाऱ्या काही पावडरची दुप्पट मात्रा पुंगळीत मावते, आणि असं काडतूस पिस्तूल फोडू शकतं. प्लेट अडखळू लागली की हाताची लय तुटते आणि नेमकी तेव्हा ही चूक होते. म्हणून बुलेट बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावणं आणि प्लेट मोकळी ठेवणं या दोन्ही सवयी एकत्रच लावा.

सर्वाधिक तक्रारी प्रायमर यंत्रणेच्या असतात आणि त्यातल्या बहुतेक मळाच्या असतात. स्लाइड पूर्ण मागे येत नाही, म्हणून पुढचा प्रायमर स्लाइडवरच्या छोट्या कपात पडत नाही आणि रिकाम्या छिद्रातून पावडर गळून प्लेटखाली जाते. कधी प्रायमर आडवा किंवा उलटा बसतो. दोन्ही वेळी स्प्रिंग ताणत बसण्याऐवजी हाउसिंग काढून स्लाइड बाहेर घ्या. स्लाइड, तिचा मार्ग, कप आणि पंच अल्कोहोलने पुसा, कोपऱ्यांत इअरबड फिरवा. इथे तेल नाही म्हणजे नाही: प्रायमरला तेल लागलं की तो निकामी होऊ शकतो, शिवाय राख चिकटते. स्लाइडवर खडबडीत कड दिसली तर कानस मारू नका, पार्ट बदला.

मेनशाफ्ट कोरड्या चिंधीने पुसून ३० ग्रेड इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, हँडल दहा-बारा वेळा वरखाली, आणि वर आलेलं काळं तेल पुन्हा पुसून टाका. खालच्या लिंकच्या (हँडलची हालचाल मेनशाफ्टला पोचवणाऱ्या जोडाच्या) पिनांना मात्र ग्रीसच हवं, साधं व्हील बेअरिंग ग्रीस चालतं. पिना काढताना डावी-उजवी खूण करा, मोबाइलवर फोटो घ्या.

डायकडे लोक दुर्लक्ष करतात. सीटिंग डायमध्ये (बुलेट पुंगळीत बसवणाऱ्या) बुलेटचं वंगण आणि शिसं साचलं की काडतुसाची लांबी हळूहळू कमी होत जाते आणि दोष विनाकारण सेटिंगला दिला जातो. डिलनच्या पिस्तुलाच्या सीटिंग आणि क्रिंप (पुंगळीचं तोंड आवळणाऱ्या) डायमध्ये क्लिप ओढून आतला भाग बाहेर काढता येतो, सेटिंग जागेवरच राहतं. ही या डायमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. साइझिंग डायमध्ये (पुंगळीला मूळ आकारात आणणाऱ्या) खडा अडकला तर प्रत्येक पुंगळीवर एकाच ठिकाणी उभा ओरखडा दिसतो. पावडर मेझर फक्त कोरड्या ब्रशने साफ करा. हॉपरमध्ये पावडर रात्रभर ठेवू नका, दुहेरी बेसच्या (नायट्रोग्लिसरीन असलेल्या) पावडरने प्लास्टिक डागाळतं.

जोडणी झाल्यावर आधी रिकामा प्रेस चालवा. मग फक्त पुंगळ्या. मग पावडरचे दहा चार्ज वजनकाट्यावर तोला, पहिल्या काही काडतुसांची लांबी कॅलिपरने मोजा आणि प्रायमर पृष्ठभागाच्या किंचित खाली बसला आहे ना, ते बोट फिरवून पाहा.

माझं वेळापत्रक असं: प्रत्येक बैठकीनंतर ब्रश, साधारण हजार काडतुसांनंतर प्रायमर स्लाइड आणि शेलप्लेट, वर्षातून एकदा लिंक. ह्यूस्टनसारख्या दमट शहरात गॅरेजमध्ये ठेवत असाल तर कामानंतर मेनशाफ्टवर तेलाचा पातळ हात आणि वरून कापडी कव्हर. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा अडकून गंज चढतो.

शक्य असेल तर प्रायमर वेगळ्या हातयंत्रावर आधीच काढा आणि मग पुंगळ्या टंबलरमध्ये (दाण्यांत घुसळून पुंगळ्या साफ करणाऱ्या यंत्रात) घाला. निम्म्याहून अधिक घाण प्रेसपर्यंत येतच नाही. तरी पहिल्या डायमधली डीकॅपिंग (जुना प्रायमर काढणारी) पिन राहू द्या, छिद्रात अडकलेला मक्याच्या बुरकुंडांचा किंवा अक्रोडाच्या कवचांचा दाणा ती ढकलून देते.

सुटे भाग हाताशी ठेवा: शेलप्लेटखालची पोलादी गोळी आणि तिची स्प्रिंग, एक-दोन लोकेटर बटणं, डीकॅपिंग पिना, प्रायमर कपची स्प्रिंग आणि फेलसेफ रॉडचा नट.